गास्तों प्लांते

गास्तों प्लांते (२२ एप्रिल, इ.स. १८३४ – २१ मे, इ.स. १८८९) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. इ.स. १८५९ मध्ये त्यांनी शिसे-आम्ल विद्युतघट तयार केला. पुन्हा पुन्हा प्रभारित, म्हणजेच चार्ज, करता येणारा हा पहिला व्यवहार्य विद्युतघट मानला जातो. आज मोटार, मोटारसायकल, ट्रॅक्टर व रिक्षा यांत वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी ही या घटाचीच सुधारित आवृत्ती आहे. घट प्रभारित कसा करावा, प्रभारण कधी थांबवावे आणि त्यात किती वीज उरली आहे हे कसे ओळखावे, या प्रश्नांचा पहिला पद्धतशीर अभ्यासही प्लांते यांनीच केला. उच्च विद्युतदाबाचे प्रयोग आणि गास्टॉर्निस या नामशेष पक्ष्याच्या जीवाश्माचा शोध यांसाठीही ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

प्लांते यांचा जन्म फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेस असलेल्या बेआर्न प्रांतातील ऑर्तेझ या गावी झाला. त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असलेले बंधू फ्रांसिस प्लांते पुढे नामांकित पियानोवादक झाले. फ्रांसिस यांना पंचाण्णव वर्षांचे दीर्घायुष्य लाभले व वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले.

गास्तों यांचे शिक्षण व सारे कार्य पॅरिस येथे झाले. इ.स. १८५४ मध्ये ते तेथील कला व शिल्प संग्रहशाळेत (काँझर्व्हात्वार) भौतिकशास्त्राचे प्रयोगसाहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे ते एदमों बेकरेल यांच्या हाताखाली काम करीत. इ.स. १८६० मध्ये ते लोकशिक्षणासाठी स्थापन झालेल्या पॉलिटेक्निक संघात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही संस्था कामगार व सामान्य नागरिकांसाठी वर्ग चालवीत असे.

गास्टॉर्निसचा शोध

विद्युतशास्त्रातील कामाआधीच प्लांते यांचे नाव एका वेगळ्या शास्त्रात नोंदले गेले. इ.स. १८५५ मध्ये पॅरिसजवळील म्यूदों येथील चिकणमातीच्या थरात त्यांना एका प्रचंड पक्ष्याच्या पायाचे जीवाश्मरूप हाड सापडले. भूशास्त्रज्ञ एदमों एबेर यांनी त्याच वर्षी त्याचे वर्णन केले व शोधकर्त्याच्या सन्मानार्थ या पक्ष्याला गास्टॉर्निस पॅरिसिएन्सिस असे नाव दिले. हा उडू न शकणारा, माणसाहूनही उंच वाढणारा पक्षी होता. दीर्घकाळ तो मांसाहारी मानला जाई. अलीकडील अभ्यासांनुसार तो शाकाहारी असावा. हाड सापडले तेव्हा प्लांते सुमारे वीस वर्षांचे होते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वीज मिळविण्याचे मुख्य साधन म्हणजे प्राथमिक विद्युतघट होते. व्होल्टा, डॅनियल व बुन्सेन यांच्या घटांत जस्त हळूहळू झिजून वीज निर्माण होई. जस्त संपले की घट निकामी होई आणि नवे जस्त व नवे आम्ल घालावे लागे.

या घटांचा वापर करताना एक अडचण वारंवार जाणवे. पाण्यातून वीजप्रवाह नेला की बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर वायू व इतर पदार्थ साचत आणि ते मूळ प्रवाहाला विरोध करीत. या क्रियेला ध्रुवण म्हणतात. मूळ प्रवाह तोडल्यावर याच पट्ट्या क्षणभर उलट दिशेने प्रवाह देतात, हे फ्रान्समधील निकोला गोतरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पाहिले होते. जर्मनीत योहान रिटर यांनी लगेचच या गुणधर्मावर आधारलेली द्वितीयक घटमाला रचली. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात ठेवल्यास हा उलट प्रवाह विशेष जोरकस असतो, हे इ.स. १८५४ मध्ये विल्हेल्म झिनस्टेडेन यांनी नोंदविले. तथापि बहुतेक संशोधकांच्या दृष्टीने ध्रुवण हा टाळण्याजोगा दोष होता.

शिसे-आम्ल घटाचा शोध

प्लांते यांनी या दोषाकडेच लक्ष वळवले. इ.स. १८५९ मध्ये त्यांनी कथील, शिसे, ॲल्युमिनियम, लोखंड, जस्त, तांबे, चांदी, सोने व प्लॅटिनम या धातूंच्या पट्ट्या घेऊन प्रत्येकीपासून मिळणाऱ्या उलट प्रवाहाचा जोर व टिकाव यांची तुलना केली. सौम्य गंधकाम्लात शिसे सर्वांत सरस ठरले. प्रवाहामुळे धन पट्टीवर तपकिरी रंगाचा शिशाचा डायऑक्साइड तयार होई, तर ऋण पट्टी करडी व सच्छिद्र होई. हे दोन्ही पदार्थ आम्लात विरघळत नसल्यामुळे प्रवाह बंद केल्यावरही जागेवर टिकून राहत. त्यामुळे क्षणभंगुर उलट प्रवाहाचे रूपांतर दीर्घकाळ टिकणाऱ्या साठ्यात झाले.

त्यांच्या घटाची रचना साधी होती. शिशाचे दोन लांब पत्रे एकमेकांवर ठेवून त्यांच्यामध्ये जाडेभरडे कापड घातले जाई व त्यांची गुंडाळी करून ती काचेच्या बरणीतील सौम्य गंधकाम्लात बुडवली जाई. पुढे कापडाऐवजी रबराच्या पट्ट्या वापरल्या जाऊ लागल्या. गुंडाळीमुळे थोड्या जागेत मोठे पृष्ठफळ मिळे व पत्रे एकमेकांच्या जवळ राहत. परिणामी घटाचा अंतर्गत रोध अत्यल्प होई आणि त्यातून त्या काळी असाधारण वाटणारा प्रबळ प्रवाह मिळे. इ.स. १८६० मध्ये त्यांनी नऊ घटांची घटमाला फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केली. मोटार सुरू करताना बॅटरी काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते, त्यामागे हाच अल्प रोधाचा गुण आहे.

प्रभारणाचा अभ्यास

नवा घट तयार होताच पूर्ण क्षमतेने काम करीत नसे. पत्र्याच्या केवळ पृष्ठभागावरील पातळ थरच रासायनिक क्रियेत भाग घेई. घट प्रभारित करणे, रिकामा करणे, उलट दिशेने प्रभारित करणे आणि मध्ये विश्रांती देणे हे चक्र अनेकदा केल्यास शिसे अधिकाधिक खोलवर सच्छिद्र होते व साठा वाढतो, असे प्लांते यांना आढळले. या क्रियेला त्यांनी घडण असे संबोधले. विश्रांतीचा काळ सुरुवातीला तासांचा, नंतर दिवसांचा व पुढे आठवड्यांचा असे. एक घट पूर्णपणे घडण्यास अनेक महिने लागत.

या दीर्घ निरीक्षणांतून त्यांच्या हाती आलेली माहिती आजही उपयोगी आहे. प्रभारणासाठी ते बुन्सेनचे दोन घट एकसरीत जोडीत. बुन्सेनच्या एका घटाचा दाब सुमारे १.९ व्होल्ट, तर प्रभारित शिसे-आम्ल घटाचा सुमारे २.१ व्होल्ट असतो. त्यामुळे एका घटाने प्रभारण पूर्ण होणे शक्य नव्हते. स्रोताचा दाब घटाच्या दाबापेक्षा अधिक असला पाहिजे, हे प्रभारणाचे पहिले तत्त्व आहे.

प्रभारण पूर्ण होत आले की पट्ट्यांवर बुडबुडे जोराने येऊ लागतात, हे त्यांनी पाहिले. पट्ट्यांवरील पदार्थांचे रूपांतर संपल्यावर येणारी वीज पाण्याचे विघटन करू लागते व हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. त्यांच्या काचेच्या बरणीत हे डोळ्यांनी दिसे आणि प्रभारण थांबविण्याची ती खूण ठरे. रिकाम्या झालेल्या घटाला काही काळ विश्रांती दिल्यास तो पुन्हा थोडा प्रवाह देतो, हेही त्यांनी नोंदविले. म्हणजे वापरानंतर किंवा प्रभारणानंतर लगेच मोजलेला दाब घटाची खरी स्थिती सांगत नाही.

साठा आणि स्रोत

प्लांते यांच्या शोधापुढे मोठी व्यावहारिक अडचण होती. त्यांचा घट वीज निर्माण करीत नव्हता. ती केवळ साठवीत होता. साठवण्यासाठी लागणारी वीज मात्र जस्त खाणाऱ्या बुन्सेन घटांतूनच आणावी लागे. मग हीच वीज थेट का वापरू नये, या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावरील वापराच्या बाबतीत त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यामुळे सुमारे दोन दशके हा घट प्रामुख्याने प्रयोगशाळेतच राहिला. थोडा वेळ पण जोरदार प्रवाह हवा असलेल्या कामांत मात्र त्याचा उपयोग झाला. शल्यचिकित्सेत तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेने डाग देणे, शरीराच्या पोकळ्या उजळून पाहणे आणि सुरुंग उडविणे ही अशी कामे होती. घटाच्या प्रवाहाने तार तापवून मेणबत्ती पेटविणारे एक छोटे साधनही प्लांते यांनी बनविले व शिशाच्या जुन्या ग्रहनामावरून त्याला शनीची चकमक असे नाव दिले.

ही कोंडी यांत्रिक जनित्राने फोडली. झेनोब ग्राम यांनी इ.स. १८७१ मध्ये आपले जनित्र विज्ञान अकादमीपुढे मांडले. इ.स. १८७३ मध्ये प्लांते व आल्फ्रेद नियोदे यांनी हाताने फिरविण्याच्या ग्राम जनित्राने घट प्रभारित केला. जनित्र फिरविणे थांबवताच घटातील प्रवाह उलट जनित्रात शिरला आणि यंत्र त्याच दिशेने आपोआप फिरत राहिले. एकच यंत्र जनित्र व चलित्र अशी दोन्ही कामे करू शकते, याचे हे सुस्पष्ट दर्शन होते. जनित्र मंदावले की घट त्यातूनच रिकामा होऊ लागतो, हा धोकाही त्यातून दिसला. पुढे मोटारींत डायनामो व बॅटरी यांच्यामध्ये कटआउट बसवावे लागले, ते याच कारणाने. आजच्या आल्टरनेटरमध्ये ते काम डायोड करतात.

उच्च दाबाचे प्रयोग

इ.स. १८७० च्या दशकात प्लांते यांनी घटांची संख्या वाढवीत नेली. अनेक घट समांतर जोडून बुन्सेनच्या दोनच घटांनी ते प्रभारित करावयाचे आणि नंतर दिशापालटाच्या साधनाने एकदम एकसरीत जोडावयाचे, ही त्यांची युक्ती होती. अखेरीस त्यांच्याकडे ८०० घटांची घटमाला झाली. तिचा एकूण दाब दीड हजार व्होल्टपेक्षा अधिक होता.

याच तत्त्वावर त्यांनी इ.स. १८७७ मध्ये ऱ्हिओस्टॅटिक यंत्र बनविले. अभ्रकाचे पातळ पापुद्रे व कथिलाचा वर्ख यांपासून केलेली धारित्रे घटमालेने समांतर स्थितीत प्रभारित केली जात व फिरत्या दंडगोलाच्या साहाय्याने एकसरीत जोडून रिकामी केली जात. त्यातून कित्येक सेंटिमीटर लांबीच्या ठिणग्या मिळत. इ.स. १९२० च्या दशकात एर्विन मार्क्स यांनी रचलेल्या आवेग जनित्राचे कार्य याच तत्त्वावर चालते.

द्रवाच्या पृष्ठभागाशी निर्माण होणारे तेजोगोल, प्रकाशाची वलये व भोवरे पाहून प्लांते यांनी त्यांची तुलना गोलाकार वीज, ध्रुवीय प्रकाश व जलस्तंभ यांच्याशी केली. या तुलनांपैकी अनेक पुढे स्वीकारल्या गेल्या नाहीत. परंतु प्रयोगांची वर्णने महत्त्वाची राहिली. सोऱ्याच्या द्रावणात बुडवलेल्या काचेवर प्लॅटिनमच्या विद्युतभारित टोकाने कोरीव काम करण्याची पद्धतही त्यांनी शोधून काढली.

आपले संशोधन त्यांनी इ.स. १८७९ मध्ये रशेर्श स्यूर लेलेक्त्रिसिते (विजेविषयी संशोधन) या ग्रंथात एकत्र केले. त्याचा इंग्रजी अनुवाद इ.स. १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वातावरणातील विद्युत आविष्कारांवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८८८ मध्ये निघाला.

फोर यांची सुधारणा व प्रसार

घडणीस लागणारा प्रदीर्घ काळ हा प्लांते यांच्या घटाचा मुख्य दोष होता. इ.स. १८८० च्या सुमारास कामिय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या ऑक्साइडचा, लेप देण्याची पद्धत शोधली. यामुळे महिन्यांचे काम थोडक्या वेळात होऊ लागले. लवकरच सपाट पट्टीऐवजी शिशाची जाळी आली आणि तिच्या छिद्रांत लेप भरला जाऊ लागला. वाहनांच्या बॅटरीत आजही अशाच लेपित जाळ्या असतात.

इ.स. १८८१ मध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी चालवून दाखविली. तिला प्लांते घटांतून वीज मिळत होती. त्याच वर्षी पॅरिसला आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शन भरले. शहरांत वीजकेंद्रे उभी राहू लागताच साठवणुकीची गरज सर्वत्र भासू लागली. बावीस वर्षे स्रोताच्या प्रतीक्षेत असलेल्या घटाला अखेर स्रोत मिळाला.

मृत्यू व सन्मान

२१ मे, इ.स. १८८९ रोजी म्यूदोंमधील बेलव्ह्यू येथे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी प्लांते यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या देणगीतून फ्रेंच विज्ञान अकादमीने विद्युतशास्त्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. चंद्राच्या पलीकडील बाजूवरील एका विवराला प्लांते हे नाव आहे. शिसे-आम्ल बॅटरीच्या विकासात भर घालणाऱ्या संशोधकांसाठी बल्गेरियन विज्ञान अकादमीने इ.स. १९८९ मध्ये गास्तों प्लांते पदक स्थापन केले.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, इ.स. १८९९ मध्ये, कामिय जेनात्सी यांच्या शिसे-आम्ल बॅटरीवरील मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथमच ओलांडला. इ.स. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला आणि पेट्रोलच्या गाडीतही बॅटरीला कायमचे स्थान मिळाले. शुद्ध शिशाच्या जाड पट्ट्यांचे, प्लांते या नावानेच ओळखले जाणारे घट दीर्घायुष्यामुळे वीजकेंद्रे व उपकेंद्रांत वापरात राहिले आहेत.

वारसा: बंदिस्त बॅटरीचे प्रभारण व चाचणी

प्लांते यांचा घट उघडा होता. पाणी कमी झाले तर ते घालता येई आणि बुडबुडे दिसत. इ.स. १९५० च्या दशकात जर्मनीत आम्ल जेलच्या रूपात घट्ट करण्याची पद्धत निघाली, तर १९७० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी रचना आली. अशा बंदिस्त बॅटरीत धन पट्टीवर निघालेला ऑक्सिजन ऋण पट्टीपर्यंत पोहोचून पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो, म्हणून पाणी घालावे लागत नाही. दाब फार वाढल्यास वायू बाहेर सोडणारी झडप मात्र तिला असते. बंदिस्त या शब्दाचा अर्थ ती कधीच वायू सोडत नाही असा होत नाही.

प्रभारण संपल्याची जी खूण प्लांते यांना डोळ्यांनी दिसे, ती येथे झाकली गेली आहे. तिची जागा दाबाच्या मोजमापाने घेतली. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टच्या पुढे गेला की वायू वेगाने निघू लागतात. म्हणून २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास प्रभारणाचा दाब साधारणपणे १४.४ व्होल्टच्या जवळ मर्यादित ठेवतात आणि बॅटरी सतत जोडून ठेवायची असल्यास १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरेसे असतात. नेमकी मर्यादा उत्पादकाने दिलेलीच पाळावी लागते. क्षमता ४० अँपिअर-तास असल्यास सुमारे ४ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश, हा प्रवाह सुरक्षित मानला जातो.

दाब अधिक ठेवल्यास पाणी वायुरूपाने झडपेतून निघून जाते व ते भरून काढता येत नाही. तापलेली बॅटरी त्याच दाबाला अधिक प्रवाह खेचते व आणखी तापते. हे चक्र वेळीच न तोडल्यास कवच फुगते. म्हणून उष्ण हवेत दाब थोडा कमी ठेवतात. याउलट बॅटरी दीर्घकाळ रिकामी ठेवल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात व क्षमता घटते.

हायड्रोजन हवेत सुमारे ४ टक्के मिसळला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून प्रभारण हवेशीर जागेत, ज्योत व ठिणगीपासून दूर केले जाते. चार्जर बंद असतानाच चिमटे जोडले व काढले जातात. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे घालणे, अंगठी व धातूचे घड्याळ काढून ठेवणे हे नियम याच कारणाने आहेत. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुतात. डोळ्यात गेल्यास त्यानंतर तातडीने वैद्यकीय उपचारही घ्यावे लागतात. फुगलेली, तडकलेली किंवा गोठलेली बॅटरी प्रभारित केली जात नाही.

चाचणीसाठी बॅटरीला काही तास विश्रांती देऊन दाब मोजतात. सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण प्रभार, तर १२ व्होल्ट वा त्याहून कमी म्हणजे जवळजवळ रिकामी अवस्था होय. मात्र केवळ दाबावरून बॅटरीचे आरोग्य कळत नाही. झिजलेल्या पट्ट्यांची बॅटरीही विश्रांतीत योग्य दाब दाखवू शकते. त्यामुळे पूर्ण प्रभारित बॅटरीवर, तिच्या थंडीत इंजिन सुरू करण्याच्या निर्धारित प्रवाहाच्या निम्मा भार १५ सेकंद टाकतात. सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमानात या काळात दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास ती बदलण्यायोग्य समजली जाते.

स्रोताचा दाब, वायूंची खूण, विश्रांतीनंतरचे मोजमाप आणि अल्प रोधामुळे मिळणारा प्रबळ प्रवाह या चारही गोष्टी प्लांते यांनी पॅरिसमध्ये काचेच्या बरण्यांसमोर वर्षानुवर्षे बसून पाहिल्या होत्या. बरणीची जागा काळ्या प्लास्टिकच्या बंद पेटीने घेतली असली, तरी आतील शिसे, आम्ल व त्यांचे नियम तेच राहिले आहेत.